हळदीच्या गाण्यातला सोयरा

नवी मुंबई वसण्यापूर्वी, आमच्या सारसोळ्यात हिवतापाची फवारणी करणारा एक माणूस आला होता. खाकी कपड्यांना औषधाचा उग्र दर्प आणि ओठांवर अखंड शीळ. खाडीला नवा बांध घातल्यापासून भरतीचे पाणी आणि त्यातले मासे आत येईनासे झाले होते. साचल्या डबक्यांत डास माजले होते. माझी मैत्रीण तापातून नुकतीच उठली होती. ताप उलटला, तर तिचे लग्न लांबणार होते.

त्याने तिचे घर फवारले. दुसऱ्या सकाळी येऊन पाहतो, तो तिची आई त्याच भिंती शेणाने सारवत होती.

"मावशी, औषध शेणाखाली गेलं की! आता डास मजेत बसतील."

"हलदीचं घर हाय, बिनसारवलेलं ठेवू? आमचा येवढा कलवला हाय, तर सारवू लाग!"

तो खळखळून हसला. बाह्या सारून त्याने ओल्या शेणात हात घातला आणि बोटांनी भिंतीवर लाटा उमटवल्या. दुपारच्या उन्हात भिंती वाळल्या, तेव्हा त्याने पुन्हा फवारणी केली.

हळदीला बायकांनी गाण्यातून देवांना, सोयऱ्यांना बोलावले. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी 'फवारनीवाल्या मामा'ला आवतण गायले, आणि त्यात नवरीचा आवाज सर्वांत मोठा होता.