पाचशे बारा ठोके

शिरोलीच्या पाइप कारखान्यात कटिंग मशीनच्या पॅनेलची किल्ली अकरा वर्षं विरूपाक्ष मगदूमच्या गळ्यात होती, इष्टलिंगाशेजारी, वेगळ्या दोऱ्यात. शाळा सातवीत सुटलेली. पण मशीनवर काउंटर बसला तेव्हा त्यानं सगळ्या भागांना आपली नावं ठेवली. सरकत्या पाइपावर टेकलेल्या चाकाबरोबर फिरून पल्स पाठवणारा एन्कोडर म्हणजे भोवरा. पल्स म्हणजे ठोका. जितके ठोके भरले की पातं पडायचं, तो प्रीसेट म्हणजे मुक्काम. चाकाचा घेर एक फूट, फेऱ्याला पाचशे ठोके. तीन फुटी पाइपाला मुक्काम दीड हजार. पॅनेलवर पांढऱ्या रंगानं त्यानं हे लिहून ठेवलं होतं आणि सगळी पाळी तीच भाषा बोलायची.

अठ्ठ्याण्णव साली नृसिंह नावाचा डिग्रीवाला इंजिनिअर आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं ब्लेडनं ती अक्षरं खरवडली. पांढरे पापुद्रे विरूपाक्षच्या चपलांवर पडले.

“भोवरा, मुक्काम! मशीन आहे का एसटी स्टँड?” नृसिंहनं इंग्रजी शब्दांचा छापील तक्ता चिकटवला. “हे पाठ होईपर्यंत पॅनेलबद्दल तोंड उघडायचं नाही, मगदूम. महिनाअखेरीला परीक्षा. नापास झालात तर किल्ली द्यायची.”

“आन् तवर मशीन बिघडलं तर, सायेब?”

“मी आहे ना.”

“मग झ्याकच की.”

दहाव्या दिवशी एन्कोडर गेला. नवा नृसिंहनं स्वतः बसवला. विरूपाक्षनं बॅटरी धरली. उजेडात लेबल लख्ख दिसलं: फेऱ्याला पाचशे बारा. मुक्काम पंधराशे छत्तीसवर न्यायला हवा होता. नृसिंहनं तो पंधराशेच ठेवला. विरूपाक्षच्या जिभेवर शब्द आला, आणि त्यानं तो थुंकीसारखा गिळला. दर वेळी तो पहिला नग टेप लावून मोजायचा. खिशात हात गेला तसा नृसिंह म्हणाला, “काउंटर पंधराशे दाखवतोय ना? टेप कशाला?”

विरूपाक्षनं टेप खिशातच ठेवला. दोन दिवस पातं पडत राहिलं. प्रत्येक घावाला त्याच्या पोटात काहीतरी गार, गोड उतरत होतं.

अठराशे पाइप गिऱ्हाइकाकडून परत आले. सगळे जवळजवळ इंचभर आखूड.

मालकांनी दोघांना केबिनमध्ये घेतलं. लेबल बघायचं राहिलं, हे नृसिंहनं मान खाली घालून कबूल केलं.

मालक वळले. “मगदूम, तुलाबी दिसलं न्हाय न्हवं? न्हाय म्हण आन् जा कामावर. किल्ली तुझ्याकडंच ऱ्हाईल.”

एवढं सोपं होतं. पण दिसलं नाही म्हणायचं म्हणजे आपल्याला काही येतच नव्हतं, असं आपल्याच तोंडानं सांगायचं.

“दिसलं की. बघिटल्या बघिटल्या दिसलं.”

“आन् गप बसलास?”

“व्हय. गप बसलो.”

मालकांनी टेबलावर बोट आपटलं. विरूपाक्षनं दोरा डोक्यावरून काढून किल्ली तिथं ठेवली. नृसिंह दारापर्यंत मागं आला. “एकदा सांगायचं तरी.”

“आयकलं असतं व्हय?”

 दुसऱ्या दिवसापासून विरूपाक्ष पॅकिंगच्या बायडाबाईच्या हाताखाली पाइपांच्या मोळ्या बांधायला लागला.