वाईनच्या मळ्यात आईनं हात उचलला

माझा बा प्यायच्या आधी ग्लासात बोट बुडवायचा आणि दोन-तीन थेंब जमिनीवर उडवायचा. देवाला म्हणे! देव खूश व्हायचा का ते देवालाच ठाऊक, आमची मात्र पळापळ व्हायची. उचगावात आमच्या दोन खोल्या होत्या, बा फौंड्रीत कामाला. नव्वद सालानंतरची ती सगळी वर्षं माझ्या डोक्यात एकाच आवाजानं भरलीत, भिंतीवर आपटणाऱ्या ताटाच्या. थेंब उडाले की मी आणि धाकटा भाऊ लोखंडी पेटीवर चढून बसायचो, कारण पुढचं पाठ होतं. आधी ताट, मग शिव्या, मग आईचे केस त्याच्या मुठीत. एकदा त्यानं तिचं डोकं न्हाणीच्या दगडावर आपटलं. भुवई फुटली. दवाखान्यात आई म्हणाली, "घसरून पडले." डॉक्टरनं टाके घातले, पुढं काही विचारलं नाही. गल्लीनंही कधी विचारलं नाही, शेजारी टीव्हीचा आवाज तेवढा वाढवायचे.

आईही आम्हाला बडवायचीच की. दूध सांडलं, घाल पाठीत फुंकणी. पाढा चुकला, घाल फुंकणी. भावाच्या कोपरावर एक वण आहे, तो फुंकणीचाच. पण ते आम्ही मारात धरलंच नाही. आई मारते ते वळण लावायला, बा मारतो ते मारणं, असा आमचा साधा हिशेब होता.

पुढं बा लिव्हरनं गेला. मी रडले नाही, खोटं कशाला सांगू! भाऊ शिकला, इंजिनियर झाला, ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला. त्याला लेक झाली. आई दर फोनला दोनच गोष्टी विचारायची. "पीत न्हाईस न्हवं रं? बायकापोरांवर हात उचलत न्हाईस न्हवं?" तो म्हणायचा, "न्हाय गं आई." फोन ठेवला की ही माझ्याकडं बघायची. "बाचं रगात हाय त्याच्यात. मला भ्या वाटतंय." शेवटी दोन हजार सोळा-सतराच्या सुमारास ती स्वतःच सहा महिने तिकडं जाऊन राहिली. वहिनी नोकरीला, त्यामुळं नात दिवसभर आईच्या ताब्यात. आईला परत आणायला मी गेले.

परतीच्या आदल्या रविवारी भाऊ म्हणाला, "चला, द्राक्षाचा मळा दाखवतो." वहिनीला ड्युटी होती. आम्ही चौघं गेलो. मळा होता खरा, नजर पोचेल तिथवर द्राक्षाच्या ओळी. पण मधोमध वाईनचा कारखाना, आणि जत्रेसारखी माणसं. झोपाळे, ससे, गवतावर लोळणारी पोरं, आणि त्यांचे आईबाप शेजारीच बसून खुशाल पितायत! ना कोण झिंगलेलं, ना कोण ओरडतंय. मला तर चीडच आली. आयला, दारू अशीही पितात होय? मग आमच्याच वाट्याला ती न्हाणीच्या दगडासकट का आली?

आई सशांपाशी बसली. भावानं मला खूण केली आणि आम्ही आत गेलो, नातही मागोमाग. काउंटरमागं एक सोनेरी केसांची पोरगी एकेक वाईन चाखायला दोन घोट ओतून देत होती. शेजारच्या म्हाताऱ्यानं तोंडात खळखळवून सरळ बादलीत थुंकली. मी पांढरी चाखली, पार आंबट. लाल तर लोखंड उकळलेल्या पाण्यासारखी लागली. "ह्यासाठी माणसं मरतात व्हय रं?" मी विचारलं. भाऊ हसला. त्याच्या लेकीला काउंटरवर तसल्याच उंच ग्लासात द्राक्षाचा रस दिला होता.

भावानं आपला ग्लास उचलला, आणि प्यायच्या आधी त्यात बोट बुडवून दोन थेंब खाली उडवले.

त्याला स्वतःला कळलंसुद्धा नव्हतं, हात आपोआप गेला होता. आणि पाच वर्षांच्या पोरीनं बापाकडं बघितलं, रसात बोट बुडवलं, थेंब उडवले आणि खुदकन हसली.

दारात आई उभी होती.

ती दारातून आमच्यापर्यंत कशी आली ते दिसलंच नाही. पहिली थप्पड बसली तेव्हा भावाच्या हातातला ग्लास उडाला, काचा फरशीभर झाल्या. दुसरी, तिसरी. "खोटारड्या! माझ्या नातीला शिकीवतोस? बाचं शिकीवतोस?" भावानं तिचं मनगट धरलं. धरलं ते इतकं घट्ट की तिची प्लॅस्टिकची बांगडी मोडली आणि रक्त आलं. त्याचा दुसरा हात वर गेला.

"मार!" आई किंचाळली. "मार की! वाट बगत हुते मी!"

माझ्या मुठीत काउंटरवरच्या बाटलीची मान होती. कधी उचलली, आठवत नाही. त्याचा हात खाली आला असता तर मी ती त्याच्या डोक्यात घातली असती, सख्खा भाऊ असला तरी. पण हात खाली आला नाही. भावानं आईचं मनगट सोडलं, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि हमसून रडायला लागला. मी बाटली खाली ठेवली.

सगळी माणसं वळून बघायला लागली. इथं कुणी टीव्ही मोठा केला नाही. ती काउंटरवाली पोरगी बाहेर आली, काचांतच गुडघ्यावर बसली आणि नातीला हळूच विचारलं, घरी तुला कुणी मारतं का गं?

"काय इचारतीया ती?" आईनं मला ढोसलं. मी सांगितलं. आई पुढं सरकली. ह्या एका उत्तरासाठी बाई समुद्र ओलांडून आली होती. भावानंही तोंडावरचे हात काढले.

नातीनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग स्पष्ट म्हणाली, "डॅडी नाही मारत. मम्मी पण नाही." आणि बोट दाखवून, "आजी मारते. रोज."

ती इंग्रजीत बोलली होती, पण "आजी" आईला कळलं.

"माजं नाव का घेटलं तिनं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मी जसंच्या तसं सांगितलं. आईनं नातीकडं हात पुढं केला, बहुतेक जवळ घ्यायला. नात दचकून बापाच्या पायामागं गेली.

आईनं हात मागं घेतला.

"तुजा बा पिऊन तरी मारायचा गं," ती म्हणाली. "मी तर कवा थेंब घेटला न्हाय."