खंडेनवमीला मागे हटलेला रोबो

आबांनी कुंकवाचं बोट पुढे केलं आणि रोबो सर्रकन मागे सरकला.

आबा एक पाऊल पुढे. रोबो आणखी मागे. बघता बघता आमच्या शाळेचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, हातात ताम्हण घेऊन हॉलभर त्या रोबोचा पाठलाग करायला लागले. पालक तोंडावर रुमाल धरून हसत होते. मला मात्र घाम फुटला.

कारण त्या दिवशी आमच्या रोबोटिक्स लॅबचा निकाल लागणार होता. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. कुपवाडच्या एमआयडीसीत बरीच वर्षं मशीन दुरुस्त केली, आता तिथल्याच शाळेत मुलांना रोबो करायला शिकवते. स्क्रू मुलांनीच पिळायचे, चुकून वायर जाळायची तर तीही मुलांनीच. आबांना हे पटत नव्हतं. त्यांना लॅबच्या खोलीत स्कॉलरशिपचे जादा तास हवे होते. "खंडेनवमीला चालवून दाखवा. मग बघू खोलीचं," असं त्यांनी बजावलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. कुपवाडात लेथपासून वेल्डिंग मशीनपर्यंत सगळ्यांना झेंडूची माळ पडते. पण ती मशीनं बंद असतात. आमचा रोबो चालू होता. त्याच्या तोंडाशी अंतर मोजणारा सेन्सर होता. समोर काही आलं की त्याला कळतं आणि तो मागे हटतो. समोर काही नसलं की गप उभा राहतो. आता समोर भिंत आहे की अध्यक्ष, हे त्याला कुठून कळणार?

"मॅडम, ह्याला कुंकू चालत न्हाई व्हय?" आबांचा आवाज चढला.

"आबा, जरा बंद करते..."

"बंद कशाला? सणासुदीला बंद पडलेल्याची पूजा करू व्हय?"

झालं! गेली खोली. मेल्या, एकदा थांब की, असं मी त्या रोबोला मनातल्या मनात सुनावलं.

तेवढ्यात नववीतली रुक्साना पुढे आली. प्रोग्राम तिनंच लिहिला होता.

"आवं आबा, त्यो चुकत न्हाई. आमीच त्याला तसं शिकवलंय. त्याला डोळा फकस्त म्होरं हाय. तुमी मागनं या."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. टोपी सारखी केली, वाकले आणि दबक्या पावलांनी रोबोच्या पाठीमागून निघाले. शत्रूच्या चौकीवर चालल्यासारखे. टपावर कुंकू लागलं, अक्षता पडल्या. टाळ्या झाल्या. मग आबांनी हौसेनं माळ घातली.

"आबा, माळ डोळ्याम्होरं आली!" रुक्साना ओरडली.

रोबो सुसाट मागे आला आणि आबांच्या अंगठ्यावर चढला. आबांनी "आयला!" म्हणत त्याला उचलून काखेत मारला. चाकं हवेत गरगरत होती. हॉल खदखदून हसत होता. मी डोळे मिटून घेतले.

"मॅडम!" आबा गरजले. "पाठ अशी उघडी? फौजेत असल्याला कुनी पहाऱ्याला उभा करंल का? मागं बी डोळा बसवा."

"बसवू की. पण खोली?"

"खोली कशी सोडताय? काम अर्धं हाय की तुमचं!"

असा आनंद झाला म्हणून सांगू! रुक्सानाला मी तिथेच मिठी मारली.

त्या दिवसापासून वरिष्ठांना दाखवायच्या कामात मी एखादी खोट राहू देते. रोबो निर्दोष असता, तर आबांनी शाबासकी दिली असती आणि खोलीची किल्ली मागून घेतली असती.