मंगळावरची बोडी

लाखनीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या संघपाल सरांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. ऐकलं म्हणून मानायचं नाही, हे त्यांच्या वडिलांनी, आनंदरावांनी, लहानपणीच कानात घातलेलं. मुलानं ते जरा जास्तच मनावर घेतलं. दुधात पाणी, बातमीत मीठमसाला आणि सिनेमात थापा, हे त्यांचं ठाम मत. टीव्हीवर अंतराळयान फुटून धडाम आवाज झाला की ते ओरडत, "हवा नाही ना तिथं! आवाज आला कुठून?" घरात त्यांच्यासोबत सिनेमा पाहायला कोणी बसत नसे, आणि त्यात नवल ते काय!

अशा माणसाच्या बायकोनं विज्ञान कादंबरी लिहावी, म्हणजे आ बैल मुझे मार. दामिनी पोस्टात नोकरीला. तिच्या कादंबरीत जवळच्याच एकोडी गावची माणसं मंगळावर धान पिकवतात आणि त्यासाठी बोडी खोदतात, आपल्याकडे शेताच्या कडेला असते तसलीच छोटी तळी. संघपालांनी पानोपानी शंका काढल्या, तिनं त्या निमूट दुरुस्त केल्या, पुस्तक छापून आलं. आता त्यावर सिनेमा काढायचा म्हणून मुंबईहून पटकथा आणि करार आला होता.

"तुमाले पटलं तरच सही करीन," दामिनी म्हणाली. "लोक हासले तर माह्या नावाले हासतील."

संघपाल लाल पेन घेऊन बसले. मुंबईवाले फोनवर फार गोड बोलले होते, तेव्हाच त्यांना दाल में काला दिसला होता. आणि सापडलंच! 'मंगळावरची माणसं बॉडीत पाणी साठवतात.' सोबत फुगलेल्या पोटांची चित्रंही होती.

त्यांनी दिग्दर्शक वीरेंद्रला फोन लावला, तोही स्पीकरवर. "अहो, बोडी म्हणजे तळं! माणसाच्या पोटात पावसाळा मावते का?"

"सॉरी सर, आम्हाला ती छपाईची चूक वाटली," वीरेंद्र म्हणाला. "कारण तळं असेल तर पंचाईत आहे. मंगळावर हवेचा दाब इतका कमी, की उघड्यावरचं पाणी उकळून उडून जाईल. तुम्ही फिजिक्सचेच ना?"

संघपालांनी लाल पेनाला टोपण लावलं. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं, हे ते दरवर्षी वर्गात शिकवत.

दामिनीनं फोन बंद केला. तिचा चेहरा पडला होता. "हवेवर शंका घेतली, मातीवर घेतली, बियाण्यावर घेतली. बोडीवर काहून नाही घेतली?"

"बोडीवर कोण शंका घेते?" ते केविलवाणे होऊन म्हणाले. "लहानपणापासून पाहून राहिलो. बोडीत पाणी राहतेच."

तिला राग आला आणि हसूही. करार पुढे ओढून तिनं त्यावर अट लिहिली: बॉडी नाही, बोडीच ठेवायची, आणि तिच्यावर बर्फाचं झाकण घालायचं.

"बर्फाखाली टिकेल पाणी," संघपाल सावरून बसले. "झाकण किती जाड पाहिजे, ते मी सांगतो."

"सांगा ना," दामिनी म्हणाली. "मग मी दुसऱ्या कोणाले तरी विचारून घेते."