टेकडीखालचं मजबूत घर

आमच्या औराद तालुक्यात बर्फ दिसतो तो लग्नातल्या सरबतात. तरी डोंगराळ भागासाठी छापलेला आपत्तींचा अर्ज आमच्याकडं आला. वरच्या कुणाला तरी नकाशात आमची एक टेकडी दिसली असावी. भूकंप, पूर, दरड, वीज, हिमकडा कोसळणे. प्रत्येकापुढं जास्त, मध्यम, कमी. 'नाही' असा रकानाच नव्हता. ह्या पाहणीच्या प्रशिक्षणातलं उप्पीट खाता खाता आम्ही मास्तर लोकांनी ठरवून टाकलं, हिमकडा: कमी.

मग घरोघर फिरून प्रत्येक घर मजबूत की कमकुवत, ते लिहायचं होतं. टेकडीखालच्या शेवटच्या घरात एक म्हातारी अक्का आणि तिची नात राहायची. मागची भिंत उभी चिरलेली, चिरेत माझा हात जाईल एवढी. मी पेन काढलं.

"काय लिवायलाव, सर?"

"घर कमकुवत."

"आन् ती यादी पंचायतीच्या दारात चिकटवणार."

"व्हय."

"मग नका लिवू. सोमवारी उदगीरचे पावणे पोरीला बघायला यायलेत. पडक्या घरातली पोरगी म्हणून दारातच वाचतील. लगीन झालं की भिंत बांधू. टेकडी काय पळून जायलीय?"

"पळाली तरच भ्या हाय, अक्का."

दोघंही हसलो. मी 'मजबूत' लिहिलं.

त्या दिवशी अख्खं गाव मजबूत निघालं. साहेबांनी बैठकीत माझं अक्षर सगळ्यांना दाखवलं.

सोयरीक जमली, लग्नही झालं. भिंत बांधायच्या आधीच झड लागली, टेकडीचा मुरूम उतरला आणि भिंत अक्काच्या पायावर आली.

नातीसाठी केलं, असं मी आजवर सांगत आलो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. खरं असं की 'कमकुवत' लिहिलं की चार पानांची पुरवणी, भिंतीची मापं, फोटो. आणि कमलनगरची जीप सुटायला आली होती. सकाळपासून घरोघर 'नका लिवू' हेच ऐकत आलो होतो. अक्काही तेच म्हणेल, म्हणूनच तर 'कमकुवत' मोठ्यानं म्हणालो.

भेटायला गेलो तेव्हा ती बाजेवर होती. डाव्या गुडघ्याखाली पाय नव्हता. शेजारणीला म्हणाली, "ह्या सरांनी माजा शब्द राखला, बाई. दुसरा असता तर लिवून मोकळा झाला असता."

मी बशीत बघत चहा पीत होतो. तिनं शेजारणीला अजून अर्धा कप ओतायला लावला. तोही प्यालो.