गजराबाई सरपटली ती सकाळ

डिंभ्यात अजून बोलतात, गजराबाईच्या अंगात नाग येतो. पंचमीला तिच्या दारावरून जाताना आमच्या आळीतल्या बायका पदर तोंडाशी धरतात आणि पुढं जाऊन हळूच मागं वळून बघतात. खरं सांगायचं तर तिच्या अंगात कधी साधं देवीचं वारंसुद्धा आलं नाही. सरपटली मात्र ती एकदा. सत्त्याण्णव साली, मंचरच्या एका दवाखान्यात, चांगल्या उजेडात.

त्या पहाटे तिची सून साळुबाई खाली घोंगडीवर झोपली होती. मुलगा बहिरू उठला तेव्हा घोंगडीतून काळं काहीतरी निघून भिंतीच्या फटीत शिरलं. साळुबाईच्या अंगावर ओरखडाही नव्हता. "पोटात दुखतंय," एवढंच म्हणाली. जीप मंचरला पोचेतो तिच्या पापण्या मिटत आल्या आणि आवाज नाकातून, दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा येऊ लागला.

डॉक्टर नवा, बिहारकडचा. मराठी त्याला दोन-चार शब्दांपुरती. पोट दाबत त्यानं विचारलं, "क्या हुआ? कुछ खाया?"

"ते लागलंय," बहिरू म्हणाला.

"वो क्या?"

बहिरूनं मान खाली घातली. विष उतरेपर्यंत चावलेल्या जनावराचं नाव कुणी, कुठंच घ्यायचं नाही. ते ऐकतं आणि विष चढवतं, हे आमच्याकडं पोर रांगायच्या आधी शिकतं. दोघांच्या भाषांत सारखा असलेला शब्द तेवढाच, आणि तोच जिभेवर आणायचा नव्हता.

डॉक्टरनं पोटदुखीचं औषध लिहायला घेतलं. साळुबाईचा श्वास अडखळायला लागला.

गजराबाईनं पदर खोचला आणि पोटावर पडली. हात अंगाशी चिकटवून, जीभ आत-बाहेर करत ती फरशीवरून वळवळत निघाली. पेशंट भिंतीला टेकले. कुणीतरी उदबत्ती मागितली. खाटेशी पोचून तिनं सुनेच्या पोटरीला दात टेकवले, आणि मान उचलून डॉक्टरकडं पापणी न हलवता बघत राहिली.

"सांप?" डॉक्टर म्हणाला.

कुणी हो म्हटलं नाही. गजराबाईनं फक्त डोळे मिटले.

इंजेक्शनं लागली, साळुबाई वाचली. पण मिटत्या पापण्यांच्या फटीतून तिनं सासूला येताना बघितलं होतं. अजून ती सासूला पायाशी बसू देत नाही.

परवा शेजारच्या भागूनं विचारलंच, "मावशी, खरं सांगा, तवा अंगात आलं व्हतं ना?"

"अंगात आलं असतं तर घुमले असते, बोलले असते," गजराबाई म्हणाली. "मला तर बोलायचंच न्हवतं. आन लुगडं फाटलं ते निराळंच."