लाइन गेल्यावरचं पान

अकोल्यातला तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा बोलायच्या आधी स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचायचा. लिनक्स ही संगणकप्रणाली स्वतः कशी उभी करायची, याची मराठी पुस्तिका त्याच्यासकट आम्ही काही जण मिळून लिहीत होतो. त्यानं लिहिलेलं ‘मधेच लाइन गेली तर’ हे पान पुण्याच्या सोबत्यांना नको होतं. ते काढू या, असं सांगायला मी, घरातला पहिला पदवीधर, त्याच्या दुकानात गेलो. तिथल्या एका मशीनवर पुस्तिकेप्रमाणे लिनक्स उभं करायला घेतलं आणि चार तासांनी विषय काढला.

“काहून? पुण्यात लाइन जात नाई, तर आमची बी जात नाई का?”

त्यानं स्क्रूड्रायव्हर खोचला आणि माझं काम चाललेल्या त्या मशीनची वीज बंद केली.

“सांगा साहेब, आता कुठून सुरू करता?”

मी अख्खी पुस्तिका चाळली. उत्तर त्याच पानावर होतं.

पुण्याला मी एवढंच कळवलं: पान राहील, आणि सगळ्यात पुढं राहील.